पहिली म्हणजे कोणती?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



आज एका अगदी घरगुती प्रश्नापासून सुरुवात करतो. तुमच्या लॅपटॉपमध्ये डिस्क किती आहेत? बरेच जण चटकन उत्तर देतील, ‘दोन. एक सी आणि एक डी.’ सीमध्ये विंडोज, आणि डीमध्ये आपला सगळा संसार. लग्नाचे फोटो, मुलांचे प्रकल्प, सोसायटीचा हिशेब, एखाद्याच्या कविता. उत्तर ऐकायला बरोबर वाटतं, पण ते बरोबर असेलच असं नाही. सी आणि डी या पुष्कळदा दोन डिस्क नसतातच. एकाच डिस्कचे ते दोन भाग असतात. चाळीतल्या एका खोलीत मधोमध पडदा लावून आपण दोन खोल्या करतो, तसलाच हा प्रकार. पडद्याच्या अलीकडे पाहुणे बसतात, पलीकडे चूल पेटते, पण वरचे पत्रे एकच. पत्रे गळायला लागले की पाहुणेही भिजणार आणि चूलही विझणार. ‘महत्त्वाच्या फाइली सीवरून डीवर टाकून ठेवल्यात, आता काळजी नाही,’ असं म्हणून निर्धास्त झोपणारी माणसं भेटतात, तेव्हा त्यांना हा पडदा दाखवावासा वाटतो.

याच्या उलटही असतं. काही लॅपटॉपमध्ये खरोखरच दोन वेगळ्या डिस्क असतात आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. घेताना दुकानदारानं सांगितलेलं असतं, आपण मान डोलावलेली असते, आणि घरी येईपर्यंत विसरलेलो असतो.

ही सी आणि डी अक्षरं आली कुठून, तेही सांगतो. आयबीएम कंपनीनं १९८१ साली पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. फ्लॉपी घालायच्या खाचा होत्या. त्यांना ए आणि बी ही अक्षरं मिळाली. १९८३ साली त्याच कंपनीचं एक्सटी हे मॉडेल आलं, त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. तिच्या वाट्याला पुढचं अक्षर आलं, सी. पुढं फ्लॉपी गेल्या, ए आणि बीच्या जागा रिकाम्या पडल्या, पण सी काही मागची जागा घ्यायला सरकली नाही. सांगायचा मुद्दा हा, की सी हे कुठल्या वस्तूचं नाव नाही. ती रांगेतली एक जागा आहे. आज तिथं एक उभा आहे, उद्या दुसरा उभा राहू शकतो.

तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ कला शाखेचा पदवीधर, कविता लिहिणारा. यानं डिस्कच्या भानगडीत कशाला पडावं? तर मंडळी, नाव आणि नावामागची वस्तू यांच्यात किती अंतर असतं, हे पाहणं हा कवीच्या रोजच्या कामाचाच भाग आहे. आमच्या उर्दू शायरांमध्ये तखल्लुस घ्यायची रीत आहे. मुशायऱ्यात सगळे तखल्लुसनं ओळखतात. पण बँकेत खातं काढायला गेलं की तिथं तखल्लुस चालत नाही. तिथं दाखल्यावरचं नाव लागतं. लॅपटॉपमधल्या डिस्कलाही असं एक मिरवायचं नाव असतं आणि एक दाखल्यावरचं. पंचाईत होते ती मिरवायच्या नावावर विसंबून आपण मोठे निर्णय घेतो तेव्हा.

ही पंचाईत किती महागात पडते, त्याची एक हकिगत सांगतो.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे एक स्नेही राहतात. माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांच्या पत्नीला एक छंद होता. लग्नघरी हळदीच्या आणि मेंदीच्या रात्री बायका जी गाणी म्हणतात, ती त्या कॅसेटवर उतरवून घ्यायच्या. काही मराठीत, काही आमच्या दखनीत, आणि काही अशी की पहिली ओळ दखनी आणि दुसरी मराठी. वीसेक वर्षं हा उद्योग चालला. त्या गेल्यावर सरांनी एकेक कॅसेट लॅपटॉपवर उतरवली. प्रत्येक फाइलला नाव दिलं. गाणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि साल. कॅसेटना बुरशी धरली होती, काम उरकल्यावर त्या टाकून दिल्या.

लॅपटॉपमध्ये मूळची १ टीबीची हार्ड डिस्क होती. गाणी तिच्यावर. पुढं लॅपटॉप फार संथ चालतो म्हणून त्यांनी २५६ जीबीची नवी एसएसडी बसवून घेतली आणि विंडोज तिच्यावर गेलं. काही दिवसांनी विंडोज बिघडलं. लॅपटॉप दुरुस्तीला दिला. दुकानातल्या मुलाचा फोन आला, ‘सर, पहिल्या डिस्कवर नवीन विंडोज टाकतो. ती सगळी पुसली जाईल, चालेल ना?’ सर म्हणाले, ‘चालेल. दुसरीवरचं मात्र काही हलवू नका हं.’ सरांच्या मनात पहिली म्हणजे विंडोजची, सी. मुलाच्या समोरच्या यादीत पहिली म्हणजे सगळ्यांत वरची, ड्राइव्ह शून्य. आणि त्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह शून्य होती जुनी हार्ड डिस्क, गाण्यांची.

दोघं एकच शब्द बोलले आणि दोघांनी दोन वेगळ्या वस्तू पाहिल्या. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्यानं विचारलं होतं. सरांनाही देत नाही, त्यांनी बजावलं होतं. दोघांच्या मध्ये जो शब्द होता, तोच पोकळ निघाला.

नंतर एका जाणकारानं त्या हार्ड डिस्कवरून जमेल तेवढं परत काढून दिलं. पण फाइलींची नावं डिस्कवर एका वेगळ्या नोंदवहीत असतात, ती नोंदवही गेली होती. त्यामुळं गाणी आली ती फाइल एक, फाइल दोन, फाइल तीन अशी. कित्येक अर्धवट. आवाज परत आले, नावं आली नाहीत. सर आता एकेक गाणं लावतात आणि गावातल्या वयस्कर बायकांना विचारतात, ‘ही कोण गातेय हो?’ काही आवाज ओळखू येतात. ज्यांना ओळखणारं कुणी मागं उरलेलं नाही, ते तसेच बिननावाचे राहिलेत.

आणि तरी ती फिरती हार्ड डिस्क होती म्हणून एवढं तरी हाती लागलं. एसएसडी पुसली की बहुधा तेही लागत नाही. विंडोज तिला कळवतं की अमुक जागा आता मोकळी झाली. ती मग आपल्या सवडीनं, आतल्या आत, ती जागा खरोखरच साफ करून टाकते. नंतर जाणकार आला तरी त्याला काढायला काही उरत नाही.

म्हणून आधी हे पाहू, की आकडे आपल्याला चकवतात कसे.

संगणक सुरू होताना आपल्या अंगातल्या वस्तू एकेक करून शोधतो आणि सापडेल तसा क्रमांक देतो. विंडोजमध्ये डिस्क शून्य, डिस्क एक. मोजणी शून्यापासून, हे लक्षात ठेवा. आपण ज्याला दुसरी म्हणतो तिला संगणक एक म्हणतो, म्हणजे गोंधळाची पहिली पायरी इथंच. लिनक्समध्ये एसडीए, एसडीबी अशी नावं असतात. ही नावं दर वेळी त्याच डिस्कला मिळतील याची खात्री कुणी देत नाही. एखादी डिस्क जागी व्हायला जरा उशीर झाला, एखादा पेन ड्राइव्ह लावलेला राहिला, की क्रम बदलू शकतो. ही नावं हजेरीच्या क्रमाची आहेत. शाळेत आधी आलेला पोरगा पहिल्या बाकावर बसला, म्हणून पहिला बाक हे काही त्याचं नाव होत नाही.

आमच्या मोहल्ल्यात एकाच नावाची चार माणसं होती. आडनावही एकच. पत्र आलं की पोस्टमन कोपऱ्यावर उभा राहून विचारायचा, ‘यातले कोणते?’ मग कुणी सांगायचं, ‘हे पिंजाऱ्याचे, ते विहिरीजवळचे, आणि ते शाळेतले.’ एक जण विहिरीजवळचं घर सोडून स्टेशनकडं राहायला गेले, तरी वर्षभर त्यांची पत्रं विहिरीजवळच येत राहिली. मनिऑर्डर असली की मात्र पोस्टमन असल्या खुणांवर जायचा नाही. वडिलांचं नाव विचारायचा, सही ताडून बघायचा, मगच पैसे मोजायचा. पत्र चुकलं तर परत आणता येतं. पैसे गेले की गेले. डिस्क पुसणं हे मनिऑर्डरीसारखं काम आहे.

आता लॅपटॉपच्या पोटात काय काय असू शकतं ते बघू.

एक, जुनी फिरती हार्ड डिस्क. तिला अडीच इंची म्हणतात. धातूची पेटी असते, साधारण १० सेंटिमीटर लांब आणि ७ सेंटिमीटर रुंद, जाडी ७ किंवा साडेनऊ मिलिमीटर. आत चकती फिरते. हात ठेवला तर बारीक थरथर जाणवते, म्हातारी झाली की कटकट आवाजही करते. दोन, त्याच आकाराची एसएसडी. हिच्यात फिरणारं काही नाही, वजनाला हलकी, आवाज नाही. तीन, एम डॉट टू नावाची उघडी पट्टी. लॅपटॉपमध्ये सर्रास आढळणारी पट्टी २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असते, म्हणून तिला २२८० म्हणतात. याहून आखूडही असतात, ३० किंवा ४२ मिलिमीटरच्या. एका टोकाला ती खाचेत शिरते आणि दुसऱ्या टोकाला एकच बारीक स्क्रू असतो. या पट्ट्यांतही साटा आणि एनव्हीएमई अशा दोन जाती आहेत. त्या दिसायला जवळपास सारख्या, पण एक जात दुसरीच्या खाचेत चालेलच असं नाही.

जुन्या लॅपटॉपमध्ये आणखी एक गंमत असते. डीव्हीडी वाजवायची खिडकी काढून तिथं एका चौकटीत दुसरी डिस्क बसवलेली असते. दुरुस्तीवाले त्या चौकटीला कॅडी म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं तिथं डीव्हीडीच आहे. आणि काही पातळ, स्वस्त किंवा फार महाग लॅपटॉपमध्ये डिस्क म्हणून सुटी वस्तूच नसते. साठवणीच्या चिपा मुख्य पाटीवरच डाख देऊन बसवलेल्या असतात. तिथं काढण्याघालण्याचा प्रश्नच उरत नाही.

यातली आपल्याकडची कोणती आणि पडद्यावर तिला काय म्हटलंय, हे जुळवायचं कसं? लॅपटॉप न उघडता बरंचसं काम होतं. तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी, आकार. विंडोजमध्ये खालच्या स्टार्टच्या चिन्हावर उजवं बटण दाबलं की एक यादी येते, त्यात डिस्क मॅनेजमेंट असतं. ते उघडा. खालच्या अर्ध्या भागात प्रत्येक खऱ्या डिस्कची एक आडवी ओळ दिसते. सी आणि डी एकाच ओळीत शेजारी शेजारी असतील तर समजा, पडदा आहे, भिंत नाही. वेगवेगळ्या ओळींत असतील तर डिस्क दोन. ओळीच्या डाव्या टोकाला आकार लिहिलेला असतो. तो वाचून घाबरू नका. २५६ जीबीची डिस्क तिथं २३८ दिसेल, ५०० ची ४६५, आणि १ टीबीची ९३१. कुणी चोरलेलं नसतं. कारखानदार हजाराच्या हिशेबानं मोजतो आणि विंडोज १०२४ च्या. आमच्याकडं पूर्वी कच्चा शेर आणि पक्का शेर असायचा, तसाच हा फरक. फक्त इथं दोघंही आपल्या मापाला जीबीच म्हणतात.

दुसरी पायरी, जात आणि मॉडेल. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स हा भाग बघा. डावीकडे डिस्क शून्य, डिस्क एक असं लिहिलेलं असतं आणि कंसात तिच्यावरची अक्षरं. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये एसएसडी की एचडीडी हेही लिहिलेलं असतं. एखादीवर टिचकी मारली की उजवीकडं वर तिचं मॉडेल दिसतं. एक मोठी फाइल डीवर कॉपी करायला लावा आणि बघा कोणाचा आलेख उसळतो. शाळेत गुरुजी हाक मारतात आणि पोरगा ‘हजर’ म्हणतो, तसं हे आहे.

एवढ्यानं पुष्कळांचं भागतं. एक डिस्क २५६ ची आणि दुसरी १ टीबीची, एक फिरती आणि दुसरी स्थिर, तर मग शंका राहत नाही. पण समजा दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच मापाच्या असल्या तर? दोन एम डॉट टू पट्ट्या बसणारे लॅपटॉप आता बरेच आहेत आणि लोक जोडी एकदमच विकत घेतात. जुळ्या बहिणी, कपडेही सारखेच. इथं आकार, जात, मॉडेल सगळं निकामी.

म्हणून तिसरी पायरी, सिरियल नंबर, म्हणजे अनुक्रमांक. हेच ते दाखल्यावरचं नाव. कारखान्यातून निघताना प्रत्येक डिस्कला तिचा स्वतःचा नंबर मिळतो. तो डिस्कच्या आत नोंदलेला असतो आणि बाहेर स्टिकरवर छापलेला असतो. फॉरमॅट करा, विंडोज बदला, या लॅपटॉपमधून काढून त्या लॅपटॉपमध्ये घाला, तो बदलत नाही. पडद्यावरचा नंबर आणि स्टिकरवरचा नंबर जुळला की पडद्यावरचं नाव आणि हातातली वस्तू एकच, ही गाठ पक्की झाली.

पडद्यावर तो कसा दिसेल? विंडोजमध्ये पॉवरशेल नावाची एक खिडकी आहे. तिच्यात इंग्रजीत गेट, मग आडवी रेघ, आणि तिला चिकटून फिजिकलडिस्क असं टाइप करून एंटर दाबा. सगळ्या डिस्कची यादी येते, मॉडेल आणि सिरियल नंबरसह. इथं एक खाचखळगा आहे. एनव्हीएमई जातीच्या डिस्कचा सिरियल नंबर म्हणून विंडोज कधी कधी एक दुसराच लांबलचक आकडा दाखवतं, चार-चार अक्षरांचे तुकडे करून. तोही त्या डिस्कचाच असतो, पण स्टिकरवर छापलेला नंबर तो नव्हे. मग माणूस गोंधळतो, की दोन्हींपैकी एकही जुळत नाही. अशा वेळी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक मोफत जपानी प्रोग्राम आहे, तो डिस्कला थेट विचारून तिचा नंबर दाखवतो. डिस्कची तब्येतही सांगतो, हा वरचा फायदा. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी तर सोय आयती आहे. तिथं ‘बाय-आयडी’ नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक डिस्क तिच्या मॉडेल आणि सिरियल नंबरनंच मांडून ठेवलेली असते.

आता स्टिकर. त्याच्यावर पुष्कळ आकडे असतात. एस/एन असं लिहिलेलं असेल तो सिरियल नंबर. पी/एन म्हणजे पार्ट नंबर. तो त्या जातीच्या सगळ्या डिस्कवर सारखाच असतो, त्यानं फसू नका. नंबर वाचताना शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय, आठ आणि बी यांची गल्लत होते. चष्मा लावून एक-एक अक्षर वाचा. त्याहून बरं म्हणजे मोबाइलवर फोटो काढा आणि मोठा करून बघा.

स्टिकर बघायचा तर लॅपटॉप उघडावा लागतो. हे काम ज्याला येतं त्याच्याकडूनच करून घ्या, पण काय व्हायला हवं ते आपल्याला ठाऊक असावं. लॅपटॉप नुसता झोपवायचा नाही, पूर्ण बंद करायचा. चार्जर काढायचा. मागचं झाकण निघालं की सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवायची. एम डॉट टूचा स्क्रू काढला की पट्टी आपोआप तिरकी वर उचलली जाते, ते मोडलं म्हणून दचकायचं कारण नाही. आणि उघडण्यापूर्वी एक गोष्ट. पुष्कळ नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर किंवा तत्सम कुलूप चालू असतं. आतली काही जोडणी बदलली की ते ४८ आकडी किल्ली मागतं. ती किल्ली आधी शोधून कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर आपल्याच घराबाहेर उभं राहायची पाळी येते.

स्टिकर धातूच्या पट्टीखाली दडला असेल, फाटला असेल, पुसट झाला असेल, तर शेवटचा उपाय आहे. लॅपटॉप बंद करून एक डिस्क काढा. मग सुरू करताना एफ-टू किंवा त्या कंपनीनं दिलेलं बटण दाबून बायोसमध्ये जा. तिथल्या यादीतून जी नाहीशी झाली, ती तुमच्या हातात आहे. याहून सरळ पुरावा नाही.

या उपायातही एक चकवा आहे. फोटोंची डिस्क काढली, विंडोजची आतच आहे, आणि तरी विंडोज सुरू होत नाही, असं होऊ शकतं. माणूस म्हणतो, ‘अरे, चुकीची काढली!’ खरं कारण वेगळं असतं. विंडोज बसवताना दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या, तर विंडोज एका डिस्कवर आणि त्याला जागं करणारा छोटासा भाग दुसरीवर, असं घडतं. घर इथं आणि किल्ली शेजारी. म्हणून विंडोज सुरू होतं की नाही यावरून डिस्क ओळखू नका. बायोसच्या यादीवरून ओळखा. आणि नवीन विंडोज टाकायचं असेल तेव्हा ज्या डिस्कला हात लावायचा नाही ती काढूनच बाजूला ठेवायला सांगा. समोर नसलेली वस्तू कुणी पुसू शकत नाही.

हा विषय आत्ताच का, असंही कुणी विचारेल. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. त्यामुळं जुने लॅपटॉप दुरुस्तीला जातायत. कुणी नवीन विंडोज टाकून घेतंय, कुणी लिनक्स, कुणी डिस्क काढून घेऊन लॅपटॉप विकतंय. या प्रत्येक कामात कुणीतरी कुणाला तरी विचारणार आहे, ‘यातली कोणती?’ आणि भंगारात चुकीची डिस्क गेली तर ती नुसती गमावत नाही, ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातात पडते. आपले बँकेचे कागद, मुलीबाळींचे फोटो, सगळ्यांसकट.

म्हणून दुकानात लॅपटॉप देताना तीन गोष्टी करा. एका चिठ्ठीवर दोन्ही डिस्कचा आकार, मॉडेल आणि सिरियल नंबर लिहा. त्यातल्या कोणत्या पुसायच्या आणि कोणत्या नाहीत, हे नंबरापुढं लिहा. आणि ती चिठ्ठी लॅपटॉपला चिकटवून त्याचा फोटो आपल्याजवळ ठेवा. चांगला कारागीर याचा राग मानत नाही. उलट त्याचीही जोखीम कमी होते. अर्थात, या सगळ्याच्या आधी महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत लॅपटॉपच्या बाहेर, वेगळ्या डिस्कवर असायला हवी. सरांच्या गाण्यांची एक प्रत बाहेर असती, तर आज मी तुम्हाला ती हकिगत सांगितली नसती.

घरी एक काम आणखी करता येतं. डिस्कच्या भागाला आपल्या आवडीचं नाव देता येतं, आणि विंडोजमध्ये ते देवनागरीतही चालतं. माझ्या एका भागाचं नाव ‘कविता’ आहे, दुसऱ्याचं ‘घर’. सी आणि डीपेक्षा हे बरं, कारण डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला लावली तर अक्षर बदलतं, हे नाव तिच्याबरोबर जातं. पण फॉरमॅट केलं की हे नावही पुसलं जातं. तेव्हा हाक मारायला हे नाव वापरा आणि खातरजमा करायला नंबर. लॅपटॉप उघडलेलाच असेल तर डिस्कवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून पेनानं एक शब्द लिहायला लावा. एम डॉट टूवर मात्र तो तुकडा जोडणीच्या सोनेरी दातांपासून लांब ठेवायचा.

आपण माणसं नावांवर विश्वास ठेवून जगतो आणि तसंच जगावं लागतं. दर वेळी कुणी दाखला मागत बसलं तर व्यवहारच चालणार नाहीत. रोजच्या कामाला सी आणि डी पुरेत. पुसणं, काढणं, विकणं, देऊन टाकणं, ही चार कामं मात्र रोजची नाहीत. तिथं नाव ऐकून पुढं जायचं नाही, अंगावरचा नंबर वाचायचा.

आज संध्याकाळी दहा मिनिटं काढा. पॉवरशेल किंवा तो जपानी प्रोग्राम उघडा, आपल्या डिस्कचे नंबर वाचा आणि रेशनकार्ड, विम्याचे कागद ठेवता त्या फाइलमध्ये एका कागदावर लिहून ठेवा. पुढं कधी फोनवर कुणी म्हणालं, ‘पहिली डिस्क पुसतो, चालेल ना?’ तर लगेच हो म्हणू नका. ‘शेवटची चार अक्षरं वाचून दाखवा,’ एवढंच म्हणा, आणि कागदाशी ताडून बघा.